दौंडमध्ये पाऊस नाही, तरी दौंडचा आकडा सगळे का बघतात?

जुलैचा महिना. दौंडच्या आभाळात ढग पळतायत, वारं सुटलंय, पण रस्त्यावर धूळ तशीच. बाजरी माना टाकायला लागलीय आणि शेतकरी पश्चिमेकडं तोंड करून बसलेत. त्याच वेळी सोलापूर, माढा, करमाळा, पंढरपूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो. त्यात फक्त दोन ओळी असतात, दौंड विसर्ग एवढे क्युसेक आणि उजनी एवढे टक्के. हा मेसेज बघितल्याशिवाय तिकडं अनेकांचा दिवस सुरू होत नाही.

ज्या तालुक्यात धड पाऊस पडत नाही, त्या तालुक्याच्या नावाचा पाण्याचा आकडा शेजारचा अख्खा जिल्हा का बघतो? आणि खुद्द दौंड-शिरूरच्या नदीकाठच्या गावांत या पाण्यामुळं रोजचं जगणं कसं चालतं? नीट समजून घेऊ.

पाऊस दौंडपर्यंत का पोचत नाही?

पुणे जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडं उतरत जातो. पश्चिमेला सह्याद्री, मध्ये पुणे शहर आणि पूर्वेला शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथंच रिकामे होतात. डोंगर ओलांडून खाली उतरणारी हवा पुन्हा गरम आणि कोरडी होते. म्हणून डोंगराच्या मागच्या बाजूला पाऊस कमी पडतो. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

फरक किती पडतो? लोणावळ्यात वर्षाला 4000 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस होतो. दौंडला तो साधारण 500 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. लोणावळा ते दौंड हे अंतर रेल्वेनं जेमतेम 140 किलोमीटर. म्हणजे लोकलमध्ये छत्री घेऊन बसलेला माणूस दौंडला उतरतो, तेव्हा त्याला टोपी लागते.

दौंडचा आपला पाऊस उशिराचा. मृग आणि आर्द्रा नक्षत्रांत पडला तर पडला, नाहीतर पेरणी लांबते. खरा भरवसा उत्तरा आणि हस्त नक्षत्रांवर, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसावर. तेव्हा दुपारपर्यंत ऊन तापतं, चार वाजता ढग दाटतात आणि तासाभरात विजांसकट पाऊस कोसळतो. हस्ताचा पाऊस झाला की काळ्या रानात ओल धरते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी निघते. या भागातली भाकरी जूनच्या पावसावर कमी आणि दसऱ्याच्या आसपासच्या पावसावर जास्त अवलंबून आहे.

मग नदीला पूर कुठून येतो?

दौंड शहर भीमेच्या काठावर आहे. भीमा उगम पावते भीमाशंकरला, जिथं पाऊस धो-धो असतो. तिथून दौंडपर्यंत येताना ती एकटी राहत नाही.

तुळापूरला तिला इंद्रायणी मिळते. पुढं रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा मिळते, म्हणजे पुणे शहरातून आलेलं सगळं पाणी. शिरूरकडून घोड नदी येते आणि तिच्यात आधीच कुकडी आणि मीना यांचं पाणी आलेलं असतं. शिरूर शहराचं जुनं नावच घोडनदी. म्हातारी माणसं आजही तालुक्याच्या गावाला 'घोडनदी' म्हणतात.

या नद्यांवर वर धरणांची रांग आहे. भीमेवर चासकमान, भामेवर भामा आसखेड, पवनेवर पवना, घोडवर डिंभे, कुकडीवर माणिकडोह, मीनेवर वडज. पुण्याच्या वरच्या बाजूला टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला ही चार धरणं. या चारांची मिळून साठवण क्षमता 29.15 टीएमसी, पण त्यातल्या खडकवासल्याची स्वतःची क्षमता फक्त 1.97 टीएमसी. म्हणजे वरच्या तिघांचं पाणी ज्या भांड्यात येतं ते भांडंच लहान. जोराचा पाऊस झाला की ते भरतं आणि पाणी सोडण्यावाचून पर्याय राहत नाही. 25 जुलै 2024 ला पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा खडकवासल्यातून सोडलेला विसर्ग 35 हजार क्युसेकपर्यंत गेला होता.

यातलं एक धरण मात्र वेगळं आहे, ते म्हणजे मुळशी. टाटांनी बांधलेल्या या धरणाचं पाणी वीजनिर्मितीसाठी बोगद्यातून पश्चिमेला, कोकणात उतरवलं जातं. धरण भरून वाहायला लागलं, तरच त्यातलं पाणी मुळेतून पूर्वेकडं येतं.

ही सगळी पाणी शेवटी एका ठिकाणी गोळा होतात. ते ठिकाण म्हणजे दौंड. दौंडच्या खाली भीमा थेट उजनी धरणाच्या फुगवट्यात जाते. म्हणून उजनीत किती पाणी येतंय हे कळायला दौंडचा आकडा बघायचा. दौंड हा उजनीचा उंबरा आहे.

हा आकडा वाचायचा कसा?

नदीतलं पाणी बादलीनं मोजता येत नाही. ठरलेल्या जागी नदीची पातळी मोजली जाते आणि कोणत्या पातळीला किती पाणी वाहतं, याचा तक्ता आधीच तयार केलेला असतो. त्यासाठी वेळोवेळी पात्राची रुंदी, खोली आणि प्रवाहाचा वेग मोजलेला असतो. पातळी कळली की विसर्ग काढता येतो.

क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट, अंदाजे 28.3 लिटर पाणी. एक क्युसेकची धार लावली, तर 10 हजार लिटरचा टँकर साधारण सहा मिनिटांत भरेल. दौंडला एक लाख क्युसेक विसर्ग असेल, तर दर सेकंदाला असे 283 टँकर पुढं जात असतात.

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. 11,574 क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतो.

उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी. त्यातला 63.66 टीएमसी हा मृत साठा. दरवाज्यातून किंवा कालव्यातून सहज सोडता येणार नाही, इतका तो खाली असतो. वापरता येणारा उपयुक्त साठा 53.57 टीएमसी आणि बातम्यांमधली टक्केवारी या साठ्याची असते. म्हणून उजनी 'उणे' होऊ शकते. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे, उपयुक्त पाणी संपलं आणि आता मृत साठ्याला हात लागला.

यावरून घरबसल्या एक हिशेब करता येतो. उजनीचा एक टक्का म्हणजे 0.5357 टीएमसी. तेवढं पाणी भरायला सुमारे 6,200 क्युसेकचा विसर्ग चोवीस तास लागतो. म्हणजे दौंडचा विसर्ग 62 हजार क्युसेक दिवसभर टिकला, तर उजनी साधारण दहा टक्क्यांनी वाढणार. आकडा मोठा दिसला म्हणून लगेच आनंद करायचा नाही, तो किती तास टिकतोय हे बघायचं. सकाळी लाखावर आणि संध्याकाळी पंधरा हजारांवर, असंही होतं.

2023 मध्ये पाऊस कमी झाला आणि उजनी भरलीच नाही. 2024 च्या पावसाळ्याआधी ती उणे 60 टक्क्यांच्या जवळ गेली होती. पाण्याखालच्या जुन्या गावांचे अवशेष उघडे पडले, लोक ते बघायला जायला लागले. जुलैच्या शेवटी घाटात पाऊस लागला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तीच उजनी शंभर टक्क्यांवर पोचली. हे पाणी सोलापुरात पडलं नव्हतं आणि दौंडमध्येही पडलं नव्हतं. ते दौंडवरून गेलं होतं.

पाणी सोडलं की गावात काय होतं?

सोलापूरला हा आकडा आनंदाचा. दौंड-शिरूरच्या नदीकाठाला मात्र तो धावपळीचा.

धरणातून पाणी सोडल्याचा मेसेज आला, की पहिला विचार येतो मोटारीचा. नदीकाठच्या शेतकऱ्याची पाण्याची मोटार पात्राजवळ बसवलेली असते, तिथून पाइपलाइन शेतात. पाणी चढलं की मोटार, केबल, स्टार्टरची पेटी, सगळं बुडतं किंवा वाहून जातं. त्यामुळं रात्री अकरा वाजता मेसेज आला तरी चार माणसं, दोर आणि ट्रॅक्टर घेऊन नदीवर जावं लागतं. पाणी उतरलं की पुन्हा तीच मोटार खाली न्यायची. एका पावसाळ्यात हे दोनदा-तीनदा होतं.

एक सोय मात्र आहे. खडकवासल्याचं पाणी त्याच क्षणी दौंडला येत नाही, नदीच्या वाटेनं यायला त्याला तासन्‌तास लागतात. हा वेळ मिळतो म्हणून विसर्गाचा मेसेज महत्त्वाचा. तो ज्याच्यापर्यंत पोचला, त्याची मोटार वाचते.

दुसरी गोष्ट बंधाऱ्यांची. भीमा, घोड आणि मुळा-मुठेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्याआधी त्यांचे लोखंडी ढापे काढून ठेवतात, म्हणजे पूर मोकळा जातो. पावसाळा संपताना ते परत बसवतात, म्हणजे पाणी अडतं. इथं सगळा खेळ वेळेचा. ढापे लवकर बसवले आणि उशिरा पूर आला तर बंधाऱ्यालाच धोका. उशिरा बसवले तर पाणी निघून गेलेलं असतं आणि मार्चमध्ये पात्र कोरडं पडतं. अनेक बंधाऱ्यांवरून गावांमधली ये-जाही चालते. बंधारा पाण्याखाली गेला की शाळेत, दवाखान्यात किंवा बाजाराला जायला लांबचा वळसा पडतो.

पण जास्त धोका ओढ्याचा

नदी सांगून येते, ओढा न सांगता येतो. नदीच्या पुराचं पाणी वर मोजलेलं असतं. गावच्या ओढ्यावर ना धरण असतं ना मेसेज. वर्षातले दहा महिने कोरडा असल्यानं त्याच्यात कुणी शेत वाढवतं, कुणी रस्ता काढतं, कुणी नळ्या टाकून भराव करतं.

मे 2025 च्या अखेरीस हे दिसलं. त्या वर्षी मान्सून नेहमीपेक्षा खूप लवकर आला. दौंड, बारामती, इंदापूर या कोरड्या पट्ट्यात मुसळधार पाऊस कोसळला. ओढ्यांना पूर आले, बारामती तालुक्यात नीरा डावा कालवा फुटला, घरांत आणि शेतात पाणी शिरलं. ज्या महिन्यात टँकर मोजायची सवय, त्या महिन्यात लोक घरातलं पाणी उपसत होते. कमी पावसाचा प्रदेश म्हणजे पुरापासून सुरक्षित प्रदेश नव्हे. इथं पाऊस क्वचित येतो, पण आला की एकदम येतो.

वर्षभराचं वेळापत्रक

मार्च ते मे कडक ऊन. पारा चाळीशी ओलांडतो. शेतातली कामं सकाळी लवकर उरकायची आणि दुपारी अकरा-बारानंतर सावली गाठायची. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मे महिन्यात वळीव येतो, सोबत वादळ, विजा आणि कधी गारा.

जूनमध्ये नुसतं वारं. याच सुमारास तुकोबांची पालखी पुण्याहून निघून यवत आणि वरवंडला मुक्काम करत पुढं जाते. यवतची पिठलं-भाकरी वारकऱ्यांना ठाऊक असते. एकीकडं घाटात पाऊस लागलेला असतो आणि इथं पालखीच्या वाटेवर धुरळा उडत असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये वर आभाळ कोरडं आणि खाली नदी भरलेली, असं चित्र अनेकदा दिसतं. सप्टेंबर-ऑक्टोबर हा खरा पाऊस. नोव्हेंबरपासून थंडी, पहाटे नदीकाठी धुकं. ज्वारीला थंडी मानवते, पण धुकं आणि दव जास्त झालं की कांद्यावर करपा येतो. डिसेंबर-जानेवारीत हुरड्याच्या शेकोट्या पेटतात. उजनीचं पाणी जसं ओसरतं तसा चिखल उघडा पडतो आणि भिगवण परिसरात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दाखल होतात.

ऊस, रात्रीची वीज आणि बिबट्या

500 मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात ऊस का दिसतो? उत्तर तेच, दुसरीकडचं पाणी. नदी, बंधारे आणि खडकवासल्याचा नवीन मुठा उजवा कालवा, जो हवेली, दौंडमधून इंदापूरपर्यंत जातो. भीमा आणि मुळा-मुठा यांच्यामधल्या भागाला लोक राहू बेट म्हणतात. हा पट्टा ऊस आणि गुऱ्हाळांसाठी प्रसिद्ध आहे. केडगाव, यवत, राहू भागातून जाताना गुळाचा वास येतो.

उसाला पाणी द्यायचं तर वीज लागते. शेतीला थ्री फेज वीज पाळीनं मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बॅटरी घेऊन उसात जावं लागतं. त्याच उसात बिबट्या असतो. लपायला दाट जागा, प्यायला पाणी आणि खायला कुत्री, शेळ्या, रानडुकरं. बिबट्याच्या कित्येक पिढ्या आता उसातच जन्मल्या आणि वाढल्या आहेत. ऊसतोड सुरू झाली की त्यांचा आसरा मोडतो आणि माणसाशी गाठ पडते. जुन्नर, आंबेगाव, शिरूर आणि दौंड या पट्ट्यात माणसांवर, विशेषतः लहान मुलांवर हल्ले झालेत.

म्हणून दिवसा विजेची मागणी इथं फक्त सोयीची नाही, जिवाची आहे. 2017 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश हाच, सूर्यप्रकाशावर तयार झालेली वीज शेतीला दिवसा देणं. ती सगळ्या फीडरवर पोचेपर्यंत गावोगावी लोक एकट्यानं शेतात जात नाहीत, मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावतात, खाली वाकून काम करणं टाळतात.

एकाच तालुक्यात दोन जगं

नदीपासून दहा-पंधरा किलोमीटर दूर गेलं की चित्र बदलतं. शिरूरच्या पश्चिमेला पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई हा जिरायत पट्टा. इथं बाजरी, मूग, ज्वारी, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट. तालुका एकच, पण खाली एकजण पूर आला म्हणून मोटार काढतोय आणि वर दुसरा बोअर आटला म्हणून जनावरं विकतोय. दौंडच्या दक्षिण भागातही अशीच कोरडी गावं आहेत. तिथं वरवंडच्या तलावातून पाणी उचलणाऱ्या जनाई योजनेच्या आवर्तनाकडं डोळे लागलेले असतात.

आवर्तन म्हणजे कालव्याला ठरावीक दिवस सोडलेलं पाणी. ते कधी आणि किती सुटणार, यावर लग्नाच्या तारखाही मागं-पुढं होतात. पुणे शहर वाढतंय, शहराची तहान वाढतेय आणि धरणं तीच. म्हणून दरवर्षी कालवा समितीच्या बैठकीत पुणे विरुद्ध दौंड-इंदापूर हा वाद उभा राहतो.

आलेलं पाणी कसलं आहे?

पावसाळ्यात नदीतून येणारं पाणी घाटाचं असतं. पावसाळा संपला की मुळा-मुठेत उरतं ते बरंचसं पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी. काही प्रक्रिया केलेलं, काही न केलेलं. मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेलं पाणी जुन्या बेबी कालव्यात सोडून हवेली-दौंडच्या शेतीला दिलं जातं.

नदीकाठच्या गावांना याचा परिणाम रोज दिसतो. फेस, वास, जलपर्णीचा हिरवा थर, विहिरीच्या पाण्याची बदललेली चव. ऊस या पाण्यावर वाढतो, पण प्यायला जारचं पाणी विकत आणावं लागतं. ज्या नदीवर गावं वसली, त्या नदीचं पाणी तोंडात घालता येत नाही. पुढं हेच पाणी उजनीत जातं, आणि उजनीवर सोलापूर शहरासह कित्येक गावांची तहान अवलंबून आहे.

थोडक्यात लक्षात ठेवायचं काय?

दौंडचा आकडा दौंडच्या पावसाचा नसतो, तो घाटातल्या पावसाचा आणि वरच्या धरणांचा असतो.

6,200 क्युसेक चोवीस तास म्हणजे उजनीचा एक टक्का.

नदीकाठी शेत, मोटार किंवा जनावरं असतील तर बंडगार्डन आणि दौंड हे दोन्ही आकडे बघा. बंडगार्डनचा आकडा दौंडच्या आधी वाढतो. तेवढा वेळ हातात असतो.

जोराचा पाऊस सुरू असताना ओढ्यावरून गाडी घालू नका. त्याचा मेसेज कुणालाच येत नाही.

दौंडची नदी एका ठिकाणचा पाऊस दुसऱ्या ठिकाणी पोचवते. मध्ये राहणाऱ्यांच्या वाट्याला कधी पूर येतो, कधी घाण, कधी ऊस आणि कधी नुसता आकडा. पुढच्या वेळी व्हॉट्सअॅपवर 'दौंड विसर्ग' दिसला की तो फॉरवर्ड जरूर करा. पण त्याच वेळी नदीकाठी कुणीतरी अंधारात मोटार ओढून वर काढत असणार, हेही लक्षात असू द्या.